दाबाचे मोजे आणि तिथीचा रकाना

घट्ट मोज्यांविषयी मला जे ठाऊक होते ते बहुतेक सगळे बरोबर होते. हे आधीच सांगते, कारण एका माणसाच्या उजव्या पायाचे जे झाले ते माझ्या अज्ञानामुळे झाले असे म्हणणे सोयीचे असले तरी खरे नाही.

लांब पल्ल्याचे धावणारे लोक गुडघ्यापर्यंत येणारे जे मोजे घालतात, त्यांची वीण साधी नसते. घोट्यापाशी ते सर्वांत घट्ट असतात आणि पोटरीवरून वर जाताना थोडेथोडे सैल होत जातात. त्याचे कारण मी वर्गात शिकवत आले त्याच धड्यात आहे. हृदयाकडून रक्त नेतात त्या रोहिणी, हृदयाकडे परत आणतात त्या नीला. पायातल्या रक्ताला परत जाताना वर चढावे लागते. नीलांमधल्या झडपा ते खाली घसरू देत नाहीत आणि पोटरीचे स्नायू आवळले की ते वर ढकलले जाते. मोजा बाहेरून दाबून या कामाला हातभार लावतो. शिवाय प्रत्येक पावलागणिक पोटरीचे मांस हादरते, तो हादरा थोडा कमी होतो. मोज्यांनी माणूस अधिक वेगाने धावतो असे मात्र नाही. मी जे वाचले त्यात तसे खात्रीने कुणी म्हटलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी पाय कमी ठणकतात, असे पुष्कळांना वाटते. वाटते, एवढेच.

दिवेआगरात मी सत्तावीस वर्षे विज्ञान आणि गणित शिकवते आहे. पन्नाशी उलटल्यावर रक्तातली साखर वाढली म्हणून चालू लागले, आणि चालता चालता धावू लागले. सकाळी किनाऱ्यावर कुत्र्यांची टोळी असे. म्हणून मी राहते त्या वाडीत नारळ-सुपारी उतरवायला येणाऱ्या पाडेल्याला मी सोबत बोलावले. हा दहावीपर्यंत माझ्याच वर्गात होता. आता चाळिशीला टेकला होता. वादळात निम्म्या वाड्या आडव्या झाल्या तेव्हापासून त्याला चढायला झाडे कमी उरली होती, पण घर अजून त्या चढण्यावरच चालत होते. पहिला आठवडा तो काठी घेऊन माझ्या मागून चालला. दुसऱ्या आठवड्यात त्याने काठी सुरूच्या झाडाला टेकवली आणि माझ्या पुढे पळू लागला.

"बाई, कुत्री कवाच गेली. आता कुणाला भिताय?"

"तुला. इतका पुढे जाऊ नकोस, मला तुझी पाठ बघून धाप लागते."

त्याचे धावणे पाहण्यासारखे होते. टाच जमिनीला लागते न लागते तोच पाऊल उचललेले असे. वर्षभरात आम्ही ठरवले की पुढच्या हिवाळ्यात शहरातल्या पूर्ण बेचाळीस किलोमीटरच्या शर्यतीत दोघांनीही उतरायचे. मला फक्त ती पुरी करायची होती. त्याला काय करायचे होते ते त्याने एकदाच सांगितले: "गावात मला पाडेलीच म्हनतात. एकदा तरी कुणी पळणारा म्हनावं."

त्या वर्षी श्रावणात, पाऊस ओसरू लागल्यावर, त्याने उजव्या पोटरीची तक्रार केली. तक्रारही नव्हे, मी विचारले म्हणून सांगितले. पळताना पोटरीत गोळा येतो. थांबले की दोन मिनिटांत जातो. पुन्हा पळाले की साधारण तेवढ्याच अंतरावर पुन्हा येतो. ही तीन वाक्ये त्याने किती नेमकी सांगितली होती हे मला पुढे एका डॉक्टरांनी दाखवून दिले. त्या दिवशी मी म्हटले, "पोटरी दमते तुझी. झाडावर चढतोस, वरून पळतोस. तिला आधार हवा." आणि माझ्यासाठी मागवला होता तसाच एक जोड त्याच्यासाठी मागवला. त्यापूर्वी मी त्याच्या घोट्याचा आणि पोटरीचा घेर फीत लावून मोजला, तोही सकाळी, कारण दिवसभर उभे राहिल्यावर पाय सुजतात आणि माप चुकते. मापात माझी चूक झाली नाही.

पहिल्यांदा ते मोजे चढवायला त्याला बराच वेळ लागला. त्याची बायको पडवीत मासे साफ करत बसली होती. गावातल्या एका घरगुती खाणावळीत ती स्वयंपाक करते. तिच्या बोलण्याला धार आहे.

"लग्नात पन इतकं नटला न्हवतास," ती म्हणाली.

"सापाला कात काढायला सोपी, बाई," तो म्हणाला. "घालायला सांगा त्याला एकदा."

आता वहीविषयी. मी प्रत्येक धावण्याची नोंद ठेवत असे: त्याची आणि माझी, शेजारी शेजारी. वार, तिथी, अंतर, लागलेला वेळ, मनगटाची नाडी, मोजे घातले की नाही, आणि पोटरीचे दुखणे शून्य ते पाच. तिथीचा रकाना त्याच्यामुळे आला. आमच्या किनाऱ्यावर समुद्राची वेळ घड्याळावर नव्हे, तिथीवर काढतात. तिथीला पाऊणने गुणले की भरतीची वेळ येते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती अकराच्या पुढे, म्हणजे पहाटे पाचला समुद्र लांब ओसरलेला आणि ओल्या वाळूची कठीण, सपाट पट्टी मैदानासारखी मोकळी. अष्टमीला सकाळी सहाला पाणी सुरूच्या मुळांपर्यंत. त्यामुळे मोठे धावणे पुनवेच्या आणि अवसेच्या आसपास वाळूवर, आणि अधल्यामधल्या दिवसांत छोटे धावणे शेखाडीच्या बाजूच्या रस्त्यावर. त्या रस्त्याला चढ आहेत.

मोज्यांचा जोड एकच. ते खाऱ्या हवेत लवकर वाळत नाहीत. म्हणून मी ठरवून दिले की मोठ्या धावण्याला मोजे घालायचे, छोट्याला नाही.

दोन महिन्यांनी मी आकडे पाहिले. मोजे घातलेल्या दिवशी दुखणे एक, क्वचित दोन. न घातलेल्या दिवशी तीन आणि चार. आणि मोजे घातलेल्या दिवशी अंतर दुप्पट, कधी तिप्पट! दुप्पट धावूनही निम्मे दुखते, याहून स्पष्ट पुरावा काय असतो? मी इतकी खूश झाले की ती दोन पाने त्याला दाखवली. तो बराच वेळ पाहत राहिला.

"म्हंजे मोज्यानं फरक हाय," तो म्हणाला.

"तुला काय वाटतं? वहीचं सोड."

"वहीत हाय नं, बाई. मग हाय."

मी तेव्हा हसले. पंचवीस वर्षांपूर्वी फळ्याजवळ उभा करून विचारले असता त्याने असेच उत्तर दिले असते.

वहीत आणखी एका गोष्टीला जागा नव्हती. धावून झाले की तो केवड्याच्या बनापलीकडे जाऊन विडी ओढत असे. मला वास येई. "फुप्फुसं जाळतोयस," असे मी म्हणे, आणि तो विडी तळव्यात लपवून "सुटली बाई, सुटली" असे म्हणे. ती मला वागणुकीची गोष्ट वाटत होती, मोजण्याची नव्हे. किती विड्या, हे मी एकदाही विचारले नाही.

दिवाळीच्या सुमारास त्याची बायको माझ्याकडे आली. सहसा ती येत नसे. ओट्यावर बसली, पदराने वारा घेतला आणि म्हणाली, "बाई, यांचा पाय थंड लागतो."

"कोणता?"

"उजवा. बर्फावरचा मासा लागतो तसा. डावा बरा हाय. अन् झोपंत पाय खाटंखाली सोडून ठेवतात. म्हनतात, लोंबता ठेवला की बरं वाटतं."

मी तिला कागदावर आकृती काढून दाखवली. पाय काढला, निळ्या पेनाने नीला काढल्या, झडपा काढल्या. व्यायामानंतर घाम वाळतो आणि पाय गार पडतो, असे सांगितले. रक्त नीट वर चढत नसेल तर मोजे अधिक वेळ घालायला हवेत, असेही सांगितले. तिने कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला.

"ह्यात जानारं रगत दाखवलंय. येनारं कुठाय?"

"ते हृदय पाठवतंच. त्याला काही होत नाही."

"बरं," ती म्हणाली. मग उठता उठता, "तुमचाच विद्यार्थी. माझं कुठं ऐकनार हाय? तुमी सांगितलं की तेवढं ऐकेल."

तिने मला नेमका प्रश्न विचारला होता, आणि मी तिला उत्तर दिले.

दुसरा जोड मी मागवला, आणि वहीतल्या पुराव्याच्या बळावर एक पायरी अधिक दाबाचा. आता तो रोज घालू लागला. धावताना, झाडावर चढताना, मी सांगितले म्हणून झोपतानाही. आता रस्त्यावरही दुखणे दोनच्या वर गेले नाही. निदान वहीत. मी विचारी, "किती?" तो क्षणभर थांबून म्हणे, "दोन." तो थांबत होता तो पाय तपासायला नव्हे, माझा चेहरा तपासायला, हे मला आता कळते. वर्गात मुले हेच करतात. आपण प्रश्न विचारतो आणि आपल्याला हवे असलेले उत्तर आपल्याच तोंडावर लिहिलेले असते.

कधीतरी त्याच काळात सुपारीच्या झाडावर चढताना त्याच्या उजव्या अंगठ्याला चिरफळी लागली. एवढीशी जखम. त्याने मोजा उतरवून हळद भरली आणि वरून पुन्हा मोजा चढवला. मोजा पायाच्या बोटांपर्यंत असल्यामुळे आणि तो कधी निघतच नसल्यामुळे तो अंगठा कुणाला दिसला नाही. बायकोला दिसला असता, पण तिला तो सांगे, बाईंनी काढू नको म्हटलंय.

शर्यतीच्या महिनाभर आधी तीस किलोमीटरचे धावणे ठरले होते. तिथी सोयीची नव्हती, पाणी वाळूवर होते, म्हणून आम्ही रस्त्याने निघालो. नवव्या किलोमीटरनंतरच्या चढावर तो रस्त्याच्या कडेला बसला. मी पोहोचले तेव्हा तो दोन्ही हातांनी उजवी पोटरी धरून बसला होता.

"गोळा आला? थांब, जाईल."

"न्हाय जात आता, बाई. दोन दिस झाले, बसल्या जागी पन दुखतंय."

"मग काल 'दोन' का सांगितलंस?"

मी मोजा काढायला सांगितले. त्याला जमेना, म्हणून मी वरून गुंडाळत खाली आणला. मोज्याच्या विणीचे ठसे पोटरीवर उमटलेले होते आणि ते भरून येत नव्हते. पाऊल मेणासारखे पांढरे होते. अंगठ्याचा शेंडा काळा होता. मी आधी समजले डांबर लागले आहे. बोटाने पुसून पाहिले.

तालुक्याच्या गावच्या डॉक्टरांनी त्याला झोपवले, दोन बोटे पावलाच्या पाठीवर ठेवली आणि वाट पाहिली. मग घोट्याच्या मागे ठेवली. मग गुडघ्याच्या खळगीत. डाव्या पायालाही तसेच केले. वर्षभर मी त्याची मनगटाची नाडी मोजत होते. पावलावरही नाडी असते हे मी शिकवलेले आहे, पण तिथे कधी बोट ठेवले नव्हते.

"विडी किती?"

"सुटली, साहेब."

"किती?"

"दोन बंडलं."

"आणि हे मोजे कुणी दिले?"

"मीच घेतले," तो पटकन म्हणाला.

"मी दिले," मी म्हटले.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. तंबाखूमुळे हातापायांच्या लहान रोहिणी आतून बुजत जातात, असा हा आजार आहे, असे त्यांनी सांगितले. चालताना दुखते, थांबल्यावर थांबते, ठरावीक अंतरावर पुन्हा दुखते. मग पाय गार पडतो, लोंबता ठेवला की बरे वाटते. मग जखम भरत नाही. पायाला रक्त पोहोचतच नसेल तिथे बाहेरून दाब देणे म्हणजे उरलेसुरलेही अडवणे. असे मोजे देण्याआधी पावलाची नाडी पाहतात.

"म्हणजे मोज्यांनी झालं?" मी विचारले.

"नाही. विडीने झालं. मोज्यांनी महिने गेले, आणि थोडं आणखी काही."

"थोडं म्हणजे किती?"

"ते मोजून सांगता येत नाही, बाई."

त्याला मुंबईला हलवले. बायको त्याच्याबरोबर गेली. मी दोन दिवस शाळेत जात राहिले आणि तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत, शिक्षकांच्या खोलीत, वही काढून पहिल्या पानापासून वाचू लागले. यावेळी आकडे न पाहता मी एकेक रकाना उभा वाचला. दुसरा जोड येण्याआधीच्या पानांवर मोज्यांच्या रकान्यात जिथे जिथे "होय" होते, तिथे तिथे तिथीच्या रकान्यात पौर्णिमा, प्रतिपदा, द्वितीया, अमावास्या, चतुर्दशी. जिथे "नाही", तिथे सप्तमी, अष्टमी, नवमी. म्हणजे मोजे घातले तेव्हा तो सपाट वाळूवर, माझ्या संथ चालीने धावत होता आणि दर फेरीला टोकाला थांबून मला पाणी पिऊ देत होता. मोजे नव्हते तेव्हा तो एकटा पुढे, चढावर होता. माझ्या वहीने मोज्यांचा परिणाम मोजलाच नव्हता. तिने ओहोटी मोजली होती.

प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलावी, बाकीच्या स्थिर ठेवाव्यात, हे मी दरवर्षी पहिल्या आठवड्यात शिकवते. उदाहरणासाठी दोन कुंड्या आणते, एक उन्हात, एक सावलीत, आणि मुद्दाम एकीलाच पाणी घालते. मुले ओरडतात, "बाई, चुकलं!" तिथी मी स्वतःच्या हाताने लिहीत होते. ती मला समुद्राची वेळ वाटत होती. त्या पायाशी तिचा संबंध आहे असे मनात आले नाही.

आधी बोटे काढली. ती जखमही भरली नाही. मग गुडघ्याच्या चार बोटे खाली पाय काढला.

तो घरी आला तेव्हा शर्यत होऊन गेली होती. मी गेले नव्हते. महिनाभराने टाके सुकले, आणि कृत्रिम पाय बसवण्याआधी उरलेल्या भागाला आकार यावा म्हणून त्याच्यावर ताणाची पट्टी बांधायला सांगितली गेली. रोज तीनदा सोडून पुन्हा बांधायची. म्हणजे दाबच. इथे तो लागतो, मात्र डॉक्टरांनी तपासून, त्यांनी सांगितला तेवढाच. बायकोने ते रुग्णालयात शिकून घेतले होते.

मी गेले तेव्हा ती पडवीत पट्टी बांधत होती. तो भिंतीला टेकून बसला होता. मी खाली बसले.

"या बाई," तो म्हणाला. "विडी सुटली. ह्या येळेला खरंच."

"आता सुटून काय," ती पट्टीवरून नजर न काढता म्हणाली. "डावा उरलाय त्याच्यासाठी सोडलीय."

पट्टी आकड्यातल्या आठसारखी, तिरके वेढे देत बांधायची असते. ती तसेच वेढे देत होती. टोकाकडचे वेढे बरोबर पडले. पण वर गुडघ्याजवळ आल्यावर पट्टी घसरू नये म्हणून ती सरळ गोल वेढे देऊ लागली, आणि प्रत्येक वेढा ओढून. वरचा वेढा खालच्याहून घट्ट पडला की काय होते ते मला ठाऊक होते. ठाऊक असण्याचीच मला भीती वाटली. तिने आणखी एक वेढा ओढला. त्याने ओठ आवळले.

"दुखतंय?" मी विचारले.

तो माझ्याकडे पाहत थांबला. "थोडंसं. दोन."

मी त्याच्यावरून नजर काढून जमिनीकडे नेली, म्हणजे त्याला माझ्या तोंडावर काही सापडू नये. "मला नको सांगूस. तिला सांग. किती?"

त्याने पट्टीवरच्या तिच्या हातांकडे पाहिले.

"चार," तो म्हणाला.

तिचे हात थांबले. "मग इतका येळ गप का?"

"मला वाटतं वरचा वेढा फार घट्ट झालाय," मी म्हटले.

तो लगेच वाकला आणि पट्टीचे टोक सोडवू लागला. "सोड गं. बाई सांगतात तर ऐक."

"नको," मी म्हटले. माझा आवाज वर्गातल्यासारखा चढला. "माझं ऐकून काही सोडायचं नाही, काही बांधायचं नाही. डॉक्टरांना फोन लाव. मला जे वाटतंय ते त्यांना सांग, आणि ते म्हणतील तसं कर."

तिने माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात क्षमा नव्हती, रागही नव्हता. एखाद्या मुलाने गणित खोडून पुन्हा सोडवायला घेतले की आपण जसे नुसते पाहतो, तसे ते होते. मग हात पुसून तिने फोन उचलला. पलीकडून कुणी तरी परिचारिका बोलू लागली आणि ही विचारू लागली: गोल बांधायचं का तिरकं, वरती किती घट्ट, दुखलं तर सोडायचं का थांबायचं. प्रत्येक उत्तर तिने मोठ्याने, त्याला ऐकू जाईल असे पुन्हा म्हटले. वरती सैल. गोल वेढा न्हाय. दुखलं की लगेच सोडायचं, मग नव्यानं बांधायचं.

फोन खाली ठेवून तिने पट्टी पूर्ण सोडली. उघडा पाय थोडा लालसर झाला होता. तिने त्यावर तळवा ठेवला आणि तसाच काही वेळ ठेवला.

"गरम हाय," ती म्हणाली.

मग ती पहिल्या वेढ्यापासून पुन्हा बांधू लागली.